सेलेरिनाच्या गाडीचे ब्रेक

ओतिलियाची गाडी ग्वादालुपेच्या उतारावरून खाली आली आणि सांता प्रिस्का चर्चसमोरच्या चौकात, टॅक्सीच्या रांगेत येऊन उभी राहिली. अगदी अलगद. ना चर्र झालं, ना गाडीनं नाक खाली घातलं. त्या गुळगुळीत दगडी उतारावर वोचो, ती कासवाच्या पाठीची जुनी छोटी गाडी, थांबवायची म्हणजे तास्कोतल्या प्रत्येक ड्रायव्हरची आपली एक तऱ्हा असते. कुणी पेडल दोन-तीनदा दाबतो, कुणी गिअर खाली आणतो, कुणी छातीवर क्रूस काढतो. ओतिलियानं यातलं काहीच केलं नाही. रांगेतल्या साऱ्यांच्या माना तिकडे वळल्या.

"पुढे डिस्क ब्रेक आहेत तिच्या," कुणीतरी म्हणालं. "नंतरचं मॉडेल ना ते."

सेलेरिना आपल्या गाडीची काच पुसत होती. काच स्वच्छ होती, तरी ती पुसत राहिली. धाकट्या बहिणीच्या गाडीतून आधी एक काठी बाहेर आली, मग एक पाय, मग दुसरा, आणि मग सबंध अपा. अपा म्हणजे दोघींचे वडील, दॉन फिदेन्सिओ बाएना. जन्मभर याच उतारांवर टॅक्सी चालवून आता गुडघ्यांनी बसवलेला माणूस. त्यांनी ओतिलियाच्या मडगार्डवर घोड्याला थोपटावं तशी थाप मारली आणि साऱ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "याला म्हणतात ब्रेक!"

सेलेरिनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाहेरच्या माणसाला वाटेल, त्यात एवढं काय? पण अपा कौतुक करणाऱ्यातले नव्हते. गुडघे गेले तेव्हा त्यांनी किल्ली थोरल्या मुलीच्या हातात दिली, कारण मुलगा नव्हता आणि धाकटी ओतिलिया, सगळ्यांची ओती, अजून शाळेत जात होती. मग मागच्या सीटवर बसून तिला शिकवलं. टॅक्सीच्या वोचोत पुढची दुसरी सीट काढून टाकलेली असते, त्यामुळे गुरूसुद्धा मागेच. तिथून ते तिच्या खांद्यात काठी टोचत. "दुसरा गिअर टाक, दुसरा! ब्रेकवर पाय ठेवून उतरतेस, तू ड्रायव्हर आहेस की सामान?" चुकली की बोलायचे. बरोबर चालवली की गप्प. पुढे पुढे ते पूर्णच गप्प झाले आणि सेलेरिनानं त्या गप्प बसण्यालाच बक्षीस मानलं. स्टँडवरची ती पहिली बाई. तिच्या गाडीच्या मागे सुरुवातीला लोकांनी शिट्ट्या मारल्या, पावसाळ्यात उतारावर तिची गाडी कधी घसरते याची वाट पाहिली. ती घसरली नाही. तेव्हाही अपा काही बोलले नव्हते.

आणि आता ही ओती. क्वेर्नावाकाला लग्न करून गेलेली, नवऱ्याला सोडून परत आलेली, येताना त्याची वोचो घेऊन आलेली. परवाना काढला, गाडीला टॅक्सीचा पांढरा रंग मारला आणि सरळ स्टँडवर आली. तिला कुणी शिट्टी मारली नाही. तिच्यासाठी वाट आधीच झालेली होती, आणि ती कुणी केली हे कुणाच्या लक्षातसुद्धा नव्हतं. आल्या आल्या अपा तिच्याच गाडीत. दाढी करायला तिच्या गाडीतून, डॉक्टरकडे तिच्या गाडीतून, नुसतं हवा खायलासुद्धा तिच्याच गाडीतून.

सेलेरिना रांगेत उभी राहून मान न वळवता बघायला शिकली. आरशात ओतीची गाडी दिसली की ती मागच्या सीटकडे आधी बघे, अपांची टोपी दिसतेय का. दिसली की तिच्या दिवसाची चव जायची. त्यात एकदा बाई आउरेया, निवृत्त शिक्षिका, जी वर्षानुवर्षं सेलेरिनाशिवाय कुणाच्या गाडीत पाय ठेवत नसे, ओतीच्या गाडीतून उतरताना दिसली.

"तुझी गाडी दिसली नाही गं," बाई म्हणाली.

"मी समोरच होते, बाई."

"हो का?" बाईनं पर्स छातीशी धरली. "खरं सांगू? तुझ्या गाडीचे ब्रेक फार ओरडतात. माझं हृदय आता पूर्वीसारखं नाही."

त्या दिवशी सेलेरिना घरी आली ती दार आपटूनच. तिचा नवरा बेनिग्नो खिडकीशी बसून चांदीच्या कर्णफुलाला पॉलिश करत होता. त्यानं वर न बघताच विचारलं, "आज कुठे उतरले अपा?"

"मला काय विचारता? मी काय त्यांच्या पाळतीवर असते?"

"नाही, नाही. तू कशाला असशील."

"मी डिस्क ब्रेक बसवणार आहे."

"बसव. पावसाळ्यात बरे."

"चारही चाकांना."

आता बेनिग्नोनं मान वर केली. "अगं म्हातारे, ओतीच्या गाडीला दोनच आहेत ना?"

"म्हणूनच," सेलेरिना म्हणाली.

प्लासिदोचं गॅरेज खाली, हमरस्त्याच्या कडेला. बाएनांची गाडी अपांच्या काळापासून त्याच्याकडेच येई. त्यानं चाकं उघडली, जुन्या ब्रेकच्या ड्रममध्ये बोटं फिरवली आणि हात पुसत म्हणाला, "तुझे ड्रम काही मेलेले नाहीत. नवे लायनर घालू, ड्रम लेथवर साफ करून घेऊ, ब्रेकचं तेल सगळं बदलू. वर्षानुवर्षं चालतील. ओरडायचे थांबतील."

"मला डिस्क हवेत, माएस्त्रो."

"मग पुढे घालू. नंतरच्या मॉडेलचा पुढचा सबंध संच भंगारात मिळतो. पण त्याबरोबर मास्टर सिलिंडर, पेडलमागून ब्रेकचं तेल ढकलतो तो, तोही त्याच मॉडेलचा घ्यायचा. ड्रमचा ठेवून चालत नाही. मागे ड्रमच राहू दे."

"मागेही डिस्क."

"कशाला?"

"उतार आहेत."

"उतार तुझ्या बापाच्या वेळेलाही होते. तेव्हा काय गाव सपाट होतं?" प्लासिदोनं तिच्याकडे निरखून पाहिलं. तास्कोत कुणाच्या पोटात काय दुखतंय हे पोट असणाऱ्याच्या आधी शेजाऱ्याला कळतं. "सेले, उतारावर गाडी थांबते ती पुढच्या चाकांवर. मागची आधी अडकली तर ओल्या दगडावर गाडी फिरेल. मागे डिस्क बसवणारे बसवतात, पण सगळं जुळवून. आणि ते जुळवायला कारण लागतं. बहिणीपेक्षा दोन जास्त हवेत, हे कारण नाही."

"तुम्हाला बसवायचे आहेत की नाहीत?"

"नाहीत."

ती गाडी घेऊन निघून गेली. दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या इग्वाला शहरात एक मेकॅनिक मिळाला. त्यानं काहीच विचारलं नाही, आणि सेलेरिनाला तेच आवडलं. चार डिस्क, चकचकीत, चाकाच्या भोकांतून दिसणाऱ्या. मास्टर सिलिंडर बदलायचा का, असं तिनं विचारलं खरं, पण तो म्हणाला, जुना उत्तम आहे, उगीच खर्च कशाला. हँडब्रेकची तार नव्या जागी बसत नव्हती, तर म्हणाला, एवढे ब्रेक असताना हँडब्रेक कशाला, चाकाला दगड लाव. सेलेरिनाला हे कुठेतरी खटकलं. पण तिच्या डोळ्यांसमोर तेव्हा चौक होता, रांग होती, आणि अपांची मान वळलेली दिसत होती.

चौकात खरंच माना वळल्या. पेडलला नुसतं बोट लावावं तशी गाडी थांबली. "बापरे, चारही?" कुणी म्हणालं. ओतीनं खाली वाकून पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर क्षणभर जे आलं ते बघून सेलेरिनाला महिनाभरात पहिल्यांदा पोटभर जेवावंसं वाटलं.

अपांनी काठीनं चाकाकडे बोट दाखवलं. "चार?"

"चारही, अपा."

"हं," अपा म्हणाले आणि ओतीच्या गाडीकडे चालू लागले.

पुढच्या दिवसांत सेलेरिनाला काही गोष्टी जाणवल्या, पण तिनं त्या मनावर घेतल्या नाहीत. सपाट रस्त्यावर गाडी पूर्वीसारखी मोकळी धावत नव्हती, कुणी मागून पदर धरल्यासारखी वाटे. लांबच्या फेरीनंतर चाकांशी जळका वास यायचा. एकदा प्लासिदो चौकात भेटला. त्यानं तिची गाडी हलक्या उतारावर उभी पाहिली, चाकाला दगड न लावलेली.

"गिअरमध्ये आहे?"

"नाही. न्यूट्रल."

"आणि तरी हलत नाही?"

"ब्रेकच तसे आहेत," ती तोऱ्यात म्हणाली.

प्लासिदो काही बोलणार होता, पण तिचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं.

मृतांचा सण झाला की त्यानंतरच्या सोमवारी सारं तास्को उईश्तेकोच्या डोंगरावर जातं. तिथे ओकच्या पानांखाली जुमिल सापडतात. नखाएवढे किडे, ते चटणीत वाटायचे, नाहीतर जिवंतच भाकरीत गुंडाळून खायचे. दालचिनीसारखी जीभ चुरचुरते. अपांचं त्याशिवाय वर्ष पूर्ण होत नसे. वर जाताना ते अर्थातच ओतीच्या गाडीतून गेले. सेलेरिना बेनिग्नोला घेऊन मागोमाग. वाटभर तिला पुढच्या काचेतून अपांची पाठ आणि हलणारी टोपी दिसत होती. ते ओतीशी बोलत होते. सारखे बोलत होते. तिच्याशी इतकं कधी बोलले होते?

डोंगरावर धूर, बँड, तव्यांवर भाकऱ्या. अपा चटईवर बसले होते आणि ओती त्यांना घास करून देत होती.

"खाली जाताना अपा माझ्याबरोबर येतील," सेलेरिना म्हणाली.

"येताना माझ्याबरोबर आलेत," ओती म्हणाली. "त्यांची शाल माझ्या गाडीत आहे."

"शाल काय बापाला शिवलेली आहे? काढून दे."

"सेले, लहान मुलीसारखं काय गं?"

"लहान तू आहेस. तशीच राहिलीस, सगळं हातात आयतं घेऊन."

अपांच्या मिशीवरून एक जुमिल चढत होता. त्यांनी तो बोटानं परत भाकरीत ढकलला. "भांडू नका. किडे पळतायत." मग घास चावून झाल्यावर ते म्हणाले, "जातो थोरलीबरोबर. बघू तिची चार चाकं."

बेनिग्नोला ओतीच्या गाडीत पाठवून सेलेरिना निघाली. काळजात नुसता बँड वाजत होता. मागे अपा बसलेले, समोर डोंगराची वळणं. तिनं ठरवलं होतं, की आज त्यांना दाखवायचंच. म्हणून जे तिनं या रस्त्यावर जन्मात केलं नव्हतं ते केलं. गाडी तिसऱ्यात ठेवली आणि प्रत्येक वळणावर ब्रेक दाबून अलगद, लोण्यासारखी वळवली. एक वळण. दुसरं. आणखी कितीतरी.

खांद्यात काठी टोचली. "दुसरा टाक."

"आता गरज नाही, अपा. डिस्क आहेत."

"दुसरा टाक, म्हणतो ना."

"ओतीला म्हणता का असं?"

अपांनी काठी मागे घेतली. जळका वास गाडीत शिरला. पुढच्या वळणावर पेडल जरा खोल गेलं. त्याच्या पुढच्या वळणावर ते ओल्या मातीत पाय जावा तसं गेलं. आणि मग ते थेट जमिनीला टेकलं, आणि गाडीला त्याचं काहीच नव्हतं.

तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा. हात हँडब्रेककडे गेला आणि तिथे सैल दांडा नुसता वर आला.

"अपा, ब्रेक गेले."

"दिसतंय." अपांचा आवाज एकदम खाली आला होता, घरात कुणी झोपलेलं असताना बोलावं तसा. "दुसरा."

तिनं दुसरा टाकला. इंजिन किंचाळलं. गाडी थोडी दबली, पण पुरेशी नाही. पुढच्या वळणाच्या पलीकडे बँडवाले पायी उतरत होते. ट्युबाचं पितळी तोंड उन्हात चमकत होतं, आणि त्यांच्यामागे बायका, डोक्यावर भांडी.

"हॉर्न. आता पहिला. तुटला तर तुटू दे."

पहिला पडताना गिअरनं दात कुटल्यासारखा आवाज केला. दोघंही पुढे फेकली गेली. सेलेरिनानं हॉर्नवर कोपर ठेवलं आणि गाडी दरीपासून दूर, डोंगराच्या अंगाला घातली. मातीचा बांध दारावर खरवडत गेला, आरसा उडाला, घायपाताची पाती काचेवर फटाफट आपटली. मग पुढचं चाक गटारात गेलं आणि गाडी तिरपी होऊन थांबली. बँडवाले रस्त्याच्या दुसऱ्या कडेला दाटीवाटीनं उभे होते. ट्युबावाल्यानं ट्युबा छातीशी लेकरासारखा धरला होता.

अपांच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं. बाकी काही नाही. सेलेरिनाचे हात स्टिअरिंगवरून निघेनात.

मागून ओती बेनिग्नोला घेऊन आली आणि थांबली. अलगदच. ती रडत धावत आली, अपांना तिनं दगडावर बसवलं, कपाळ चाचपलं, आणि मग बहिणीकडे वळली. "म्हटलं होतं ना, माझ्या गाडीतून येऊ दे! अपा, आता माझ्याच गाडीतून जायचं. नेहमी."

"तुझ्या गाडीतून?" अपांना घाम फुटला होता आणि घाबरलेला म्हातारा चिडतो तसे ते चिडले. "तुझ्या गाडीत मी काय मजा म्हणून बसतो? तुला उतारावरून उतरता येत नाही! सबंध उतार पाय ब्रेकवर. ब्रेक चांगले आहेत म्हणून जिवंत आहेस. रोज मागे बसून सांगतो, गिअर टाक, गिअर टाक, बोलून बोलून तोंड दुखलं माझं. हिच्या, थोरलीच्या, मागे बसायची मला गरज नव्हती. हिला येत होतं!"

ओतीचा चेहरा उतरला. ओठ घट्ट मिटले, नजर बाजूला गेली, आणि तिनं शालीचं टोक उगीचच झटकलं. सेलेरिनाला तो चेहरा ओळखीचा वाटला. इतके दिवस काच पुसताना तिचा स्वतःचा असाच असणार. तिच्या आत काहीतरी गोड उकळून वर आलं. भर रस्त्यात, मोडक्या गाडीशेजारी, बापाच्या कपाळावर टेंगूळ असताना. तिला त्याची लाज वाटली, तरी ते गोडच होतं.

मग अपा तिच्याकडे वळले. "आणि तू. तिला येत नाही म्हणून ती तशी उतरते. तुला येत असून तू तशी उतरलीस."

काठी टेकवत ते दगडावरून उठले.

गाडी दोर लावून प्लासिदोकडे आली. त्यानं चाकावर थोडं पाणी टाकलं, ते अजूनही चर्र झालं. "डिस्क वाईट नाहीत," तो म्हणाला. "सिलिंडर ड्रमचा ठेवलाय. तो तेल जरा दाबूनच धरतो, ड्रमला ते लागतं. डिस्कला मात्र ते म्हणजे सारखा पाय ब्रेकवर. चाकं तापली, तेल उकळून वाफ झाली, पेडल पोकळ पडलं. म्हणून तर न्यूट्रलमध्ये हलत नव्हती. मी तेव्हा बोलायला हवं होतं."

"मी ऐकलं नसतं," सेलेरिना म्हणाली.

"आता काय करायचं?"

पहिला विचार तिच्या मनात आला तो सगळे ड्रम परत बसवण्याचा, निव्वळ ओतीसारखं होऊ नये म्हणून. तो तिनं तिथेच उभं राहून पुरता चघळला. मग विचारलं, "पावसात, दगडावर, बाया-माणसं बसवून धंदा करायचा, तर काय बरं?"

"पुढे डिस्क, त्यांचा सिलिंडर, मागे ड्रम. हँडब्रेक परत जागेवर. आणि तेल वेळच्या वेळी बदलायचं."

"म्हणजे ओतीच्या गाडीसारखंच."

"हो."

"बसवा," ती म्हणाली.

ओतीनं त्यानंतर अपांना न्यायचं बंद केलं. हॉर्न न वाजवता अपांच्या घरावरून जायची. आता दाढीला, डॉक्टरकडे, हवा खायला, सगळीकडे सेलेरिनाच. ब्रेक ओरडत नव्हते, बाई आउरेया परत आली होती, अपा मागे बसलेले. जे हवं होतं ते सगळं मागच्या सीटवर होतं. आणि अपा खिडकीतून बाहेर बघत विचारायचे, "ओती आज कुठल्या बाजूला आहे?" रोज विचारायचे. कधी म्हणायचे, "तिचा क्लच जळणार एक दिवस." कधी नुसतं, "जेवते का नीट, कुणास ठाऊक."

सेलेरिनानं ते बरेच दिवस ऐकलं. पोटातलं जुनं दुखणं परत आलं होतं, आता मागच्याच सीटवरून. शेवटी एका दुपारी ती ओतीच्या दारात गेली. ओती गाडी धूत होती. ती थांबली नाही.

"म्हातारा तुझं नाव काढतो," सेलेरिना म्हणाली. कारल्याचा घास तोंडात असावा तशी.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, तुझा क्लच जळणार."

ओतीनं फडकं पिळलं. हसू येऊ नये म्हणून तिनं गाल आत ओढले, पण ते आलं. "आणि तुझ्याबद्दल काय म्हणतो?"

"माझ्या गाडीत? काहीच नाही."

"मग मला शिव्या आणि तुला काहीच नाही, यात जळायचं कुणी गं, सेले?"

"मला विचारू नकोस. मी दोन्हीकडून जळलेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओती अपांच्या घरापाशी आली आणि हॉर्न वाजवला. अपांनी टोपी घातली, काठी घेतली, आणि पोराच्या घाईनं तिच्या गाडीत चढले. दार लागायच्या आतच त्यांचा आवाज सुरू झाला. सेलेरिना चौकात रांगेत उभी होती. गाडी समोरून गेली तेव्हा तिनं या वेळी सरळ मान वळवून पाहिलं. अपा हातवारे करत होते, ओती मान हलवत होती. सेलेरिनाच्या पोटात दुखलंच. मग एक बाई दोन पिशव्या घेऊन आली, वरच्या आळीला जायचंय म्हणाली, आणि सेलेरिनानं तिच्यासाठी दार उघडलं.